तीव्र आम्ल व सौम्य आम्ल

पुलगावच्या आसपासचा मुलूख कापसाचा आहे. सरकीला चिकटलेले बारीक तंतू काढावयाचे असल्यास तिला संहत गंधकाम्ल चोळतात. दोन-तीन मिनिटांत तंतू जळून जातात; मग ती पाण्याने व चुन्याच्या निवळीने धुतात. याच भागात हिवाळ्यात हरभरा पिकतो. त्याच्या पानांवरही आम्ल असते. रात्री झाडांवर फडके पसरावे व दवाने भिजल्यावर पहाटे पिळावे, म्हणजे आंब मिळते. हरभऱ्याचे पान आपण आवडीने चाखतो. गंधकाम्लाने मात्र कातडी भाजते. दोन्ही आम्लेच, मग हा भेद कशामुळे?

आम्ल पाण्यात मिसळले, की त्याच्या रेणूंतून हायड्रोजनचे विद्युतभारित कण सुटतात. त्यांस हायड्रोजन आयन म्हणतात. ज्याचे जवळजवळ सर्व रेणू असे आयन सोडतात, ते तीव्र आम्ल. ज्याचे थोडेच रेणू सोडतात, ते सौम्य आम्ल. गंधकाम्ल व जठररसातील हायड्रोक्लोरिक आम्ल ही तीव्र होत. हरभऱ्यातील मॅलिक व सिरक्यातील ॲसेटिक ही सौम्य होत.

हे मोकळे आयन मोजण्यासाठी डेन्मार्कमधील सोरेन्सन या शास्त्रज्ञाने १९०९ साली एक मोजपट्टी सुचविली. तिच्यावरील अंकास मराठीत सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. आम्लाचा त्याहून कमी असतो. सामू एकाने उतरला, की आयन दसपट झाले असे समजावे.

हायड्रोक्लोरिक व ॲसेटिक आम्लांचे सारख्याच संख्येने रेणू असलेले दोन द्राव घ्या. पहिल्याचा सामू १ भरला, तर दुसऱ्याचा सुमारे ३ भरतो; कारण ॲसेटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी तेराच्या आसपास रेणूच आयन सोडतात. तरीही दोन्ही द्राव उदासीन करण्यास चुन्याची निवळी सारखीच लागते. मोकळे आयन खर्च होतात, तसतसे उरलेले रेणू नवे आयन पुरवितात.

पहिल्या द्रावात शंभरपट पाणी घातले, तर त्याचाही सामू ३ होतो. पण म्हणून ते आम्ल सौम्य झाले नाही, केवळ विरल झाले. उलट, संहत ॲसेटिक आम्ल सौम्य असूनही कातडी भाजते. म्हणून ‘सौम्य’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असे समजू नये, आणि अनोळखी द्राव कधीही चाखू नये.