पाडा, आळी, पेठ आणि बारिओ

ठाण्याच्या नकाशात नौपाडा, पाचपाखाडी, खारकर आळी, चेंदणी कोळीवाडा अशी नावे दिसतात. कल्याणला बेतुरकर पाडा आणि कोळसेवाडी, तर डोंबिवलीत देवीचा पाडा आणि टिळकनगर. या नावांचा शेवटचा भाग तेवढा तपासला, तरी वस्ती कशी वसली असावी याचा अंदाज आपल्याला बांधता येतो.

पाडा म्हणजे मूळ गावापासून सुटी, थोड्या घरांची वस्ती. आळी म्हणजे घरांची ओळ, पुष्कळदा एकाच व्यवसायाच्या लोकांची. पाखाडी ही मुळात दगड बसवलेली पायवाट. तिच्या काठच्या घरांनाही तेच नाव मिळाले. नगर आणि कॉलनी बहुधा प्लॉट पाडून वसवलेल्या भागांना लागतात.

घाट चढून पुण्यास गेलो की पाडा मागे पडतो आणि पेठ येते, म्हणजे बाजाराची वसाहत. वाडा दोन्हीकडे आहे, पण पुण्यात वाडा म्हटले की चौकाचे मोठे घर डोळ्यांसमोर येते. कोळीवाडा मात्र कोळ्यांची सबंध वस्ती असते. गोव्यातील वाडोही वस्तीच.

प्रांत बदलला की अर्थ बदलतो, हे केवळ मराठीतच घडते असे नाही. सुमारे वीस देशांची भाषा असलेल्या स्पॅनिशमध्ये वस्तीला 'बारिओ' म्हणतात. हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ 'बाहेरचा'. स्पेनमध्ये तो शहरातील कोणत्याही भागाला लागतो, व्हेनेझुएलात मात्र गरिबांच्या वस्तीला. मेक्सिको शहरात श्रीमंत-गरीब सारेच पत्त्यात 'कोलोनिया' लिहितात. सीमेपलीकडे, अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, त्याच शब्दाने पाणी व सांडपाण्याची सोय अपुरी असलेली वस्ती ओळखली जाते. आपली कॉलनी आणि ही कोलोनिया एकाच लॅटिन शब्दापासून आल्या आहेत, आणि त्या शब्दाचे मूळ जमीन कसण्याशी जोडलेले आहे.

म्हणजे शब्द मुळात उच्च वा नीच नसतो. तो दर्जा आपण त्याला देतो. ठाण्यातच येऊरच्या डोंगरावर आदिवासींचे पाडे आहेत. वर्गात कुणाला 'पाड्यावरचा' म्हणून हिणवले गेले, तर नौपाड्याच्या नावातही तोच पाडा आहे, हे शिक्षकांनी जरूर दाखवून द्यावे.

यासाठी एक उपक्रम करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या पत्त्यातील वस्तीवाचक शब्द लिहावा आणि त्या जागेचे जुने नाव शेजारच्या वृद्धांना विचारावे. मग सर्व नावे नकाशावर मांडावीत. आळ्या कोठे दाट आहेत? पाडे कोठे, नगरे कोठे? खाडी, तलाव, रेल्वे स्थानक यांच्याशी त्यांचा काही संबंध दिसतो का? नव्या गृहसंकुलांच्या नावांखाली जुनी नावे झाकली जात आहेत. ती सांगणारी माणसे आहेत, तोवरच ही नोंद करून ठेवलेली बरी.