यंत्रासाठी लिहावयाचे गद्य

आमच्या इंदूरकडे 'शिक्षा' हा शब्द जपून वापरावा लागतो. मराठी पालकास तो दंड वाटतो, तर हिंदी पालकास विद्यादान. तथापि समोर माणूस असला म्हणजे तो विचारतो आणि गैरसमज मिटतो. जो वाचक न विचारता सरळ कामास लागतो, त्याच्यासाठी कसे लिहावे, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. शाळेच्या निकालपत्रकाच्या निमित्ताने तो मजपुढे उभा राहिला.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने वार्षिक परीक्षेच्या गुणांचे गणित ज्युपिटर नोटबुकात बसवून दिले. ज्युपिटर हा प्रकल्प २०१४ साली सुरू झाला. ज्युलिया, पायथन व आर या तीन संगणकभाषांवरून त्याचे नाव पडले. नोटबुक म्हणजे एकाखाली एक मांडलेल्या सेलची वही होय. काही सेलमध्ये गद्य असते, काहींत संगणकास दिलेल्या आज्ञा, व आज्ञांखाली त्यांचे उत्तर. वहीच्या पाठीमागे 'कर्नेल' नावाचा कार्यकर्ता असतो. तो आज्ञा पाळतो व आलेली मूल्ये स्मरणात ठेवतो. सेल कोणत्याही क्रमाने व कितीही वेळा चालविता येते. प्रत्येक वेळचा परिणाम कर्नेलच्या स्मरणात राहतो. सेल पुसली तरी तिने निर्माण केलेले मूल्य तेथून जात नाही.

या वहीवर काम करण्यास त्या विद्यार्थ्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट नेमला होता. एजंट स्वतः वहीस हात लावीत नाही. त्यास साधने दिलेली असतात : सेल वाचणे, घालणे, चालविणे, पुसणे. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या संकेतानुसार साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्यास काय पुरवावयाचे याचा आराखडा एजंटापुढे येतो. साधनाच्या आतील प्रोग्रॅम त्यास सहसा दिसत नाही. म्हणजे साधनाविषयीचे त्याचे ज्ञान बव्हंशी त्या दोन-चार ओळींचेच.

आमच्या साधनाचे वर्णन दोनच शब्दांचे होते : 'सेल चालवते.' गणिताच्या प्रश्नपत्रिकेतील एक ३ गुणांचा प्रश्न सदोष निघाल्यामुळे ते गुण सर्वांस द्यावयाचे होते. एजंटाने तशी सेल चालविली. ती सेल गुण वाढवीत होती, परंतु काहीच छापीत नव्हती. त्यामुळे साधनाकडून कोरे उत्तर आले. एजंटाने कोरेपणाचा अर्थ अपयश असा घेतला आणि सेल पुन्हा चालविली. ३ चे ६ झाले. एका हुशार मुलाच्या नावापुढे १०० पैकी १०३ गुण दिसले, म्हणून चूक उघडकीस आली. तो मुलगा वर्गात नसता, तर काही अनुत्तीर्ण विद्यार्थी उत्तीर्ण ठरले असते आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नसते.

दोष एजंटाच्या बुद्धीचा म्हणावा की आमच्या लेखनाचा? माझ्या मते मुख्यतः लेखनाचा. वाक्यार्थ पुरा होण्यास 'आकांक्षा' शमावी लागते, असे आपले शास्त्रकार सांगतात. 'चालवते' म्हणताच कोणती सेल, एकच की आधीच्याही, परत काय येते, पुन्हा चालविल्यास काय होते, या आकांक्षा उत्पन्न होतात. आमच्या वाक्याने त्यांपैकी एकही शमविली नव्हती.

सुधारलेले वर्णन असे :

'दिलेल्या ओळखचिन्हाची एकच सेल चालू कर्नेलमध्ये चालवते. आधीच्या सेल आपोआप चालत नाहीत. सेलने काही छापले नाही तर उत्तर कोरे येते. ते अपयश नव्हे. चूक झाल्यास चुकीचा संदेश परत येतो. तीच सेल पुन्हा चालविल्यास तिच्यातील आज्ञा पुन्हा अमलात येतात. सेल केवळ पाहावयाची असल्यास हे साधन वापरू नये. वाचनाचे साधन वापरावे.'

येथे विधीबरोबर निषेधही आला आहे. दोन साधने दिसावयास सारखी असली म्हणजे कोणते केव्हा वापरू नये, हे सांगणे विशेष अगत्याचे असते. 'ओळखचिन्ह' हा शब्दही हेतुपुरस्सर आहे. 'पाचवी सेल' म्हटल्यास वहीतील पाचवे स्थान, की सेलशेजारच्या कंसातील ५ हा आकडा, असा संशय राहतो. तो आकडा सेल कितव्या खेपेस चालली हे दाखवितो, तिचे स्थान नव्हे. शिवाय मोजणी शून्यापासून की एकापासून, हा घोळ निराळाच. 'वही साफ करा' हेही असेच फसवे. उत्तरे पुसावयाची, कर्नेलचे स्मरण पुसावयाचे, की सेलच काढून टाकावयाच्या? ही तीन कामे असून त्यांस तीन नावे हवीत.

मात्र सर्व भार वर्णनावर टाकणे योग्य नव्हे. कोऱ्या उत्तराऐवजी 'सेल पूर्ण झाली' असे साधनानेच कळविले तर अधिक बरे. आम्ही आता तसे केले आहे. पुसण्यासारख्या कामापूर्वी माणसाची संमती घ्यावी. वर्णन पाल्हाळिकही नसावे, कारण सर्व साधनांची वर्णने एजंटास एकत्र वाचावी लागतात आणि त्याच्या वाचनासही मर्यादा आहे.

नवे वर्णन लागू करण्यापूर्वी मी ते आमच्या मराठीच्या बाईंस वाचावयास दिले. त्यांस संगणकाच्या भाषा अवगत नाहीत. त्यांनी वाचून एकच प्रश्न केला : "सर, मध्येच कर्नेल बंद पडला तर?" त्याचे उत्तर वर्णनात नव्हते. त्याच दिवशी आम्ही आणखी एक वाक्य घातले : 'कर्नेल बंद पडल्यास स्मरणातील सर्व मूल्ये नाहीशी होतात, पहिल्या सेलपासून पुन्हा आरंभ करावा.'