समभाग घ्या, पण विकू नका!
'स्टार ट्रेडर्स' : अर्धशतकाच्या उंबरठ्यावरचा शेअर बाजाराचा संगणकीय खेळ कसा खेळावा?

प्रतिनिधी

समभाग विकत घ्यायचे, पण ते विकण्याची मुभा नाही. कंपनी स्थापन करायची, पण तिच्यावर मालकी सांगता येत नाही. ज्या चालीने आपले भांडवल वाढते, त्याच चालीने समोरच्याचेही वाढते. असे काहीसे उफराटे नियम असलेला 'स्टार ट्रेडर्स' हा शेअर बाजाराचा संगणकीय खेळ १९७७ साली एस. जे. सिंगर यांनी लिहिला. त्यात चित्रे नाहीत, आवाज नाही, घाईही नाही. एकाने चाल खेळायची, मग दुसऱ्याने. बुद्धिबळाप्रमाणे प्रत्येकाला विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. शेअर बाजारात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांची संख्या वाढत असताना हा खेळ समजून घेण्यासारखा आहे. भांडवल कशाने वाढते हे तो फार स्वच्छपणे दाखवतो. आणि प्रत्यक्ष बाजाराची कोणती बाजू तो दाखवत नाही, हेही थोड्या विचाराने ध्यानात येते.

यंत्राचा आणि ताऱ्याचा 'अल्टेअर'

१९७५ साली अमेरिकेत 'अल्टेअर ८८००' हा हौशी मंडळींसाठीचा छोटा संगणक बाजारात आला. बिल गेट्स आणि पॉल अॅलन यांनी त्यासाठी 'बेसिक' ही संगणकीय भाषा तयार करून दिली. 'स्टार ट्रेडर्स' लिहिला गेला तो याच भाषेत. खेळातील पहिल्या कंपनीचे नाव 'अल्टेअर स्टारवेज' आहे. बाकीच्या चार कंपन्याही आकाशातूनच आल्या आहेत : बेटेलग्यूज, कॅपेला, डेनेबोला आणि एरिडानी. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर अल्टेअर म्हणजे श्रवण, बेटेलग्यूज म्हणजे आर्द्रा, कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय आणि डेनेबोला म्हणजे उत्तरा फाल्गुनी. ताऱ्याताऱ्यांमध्ये व्यापारी मार्ग उभारणाऱ्या वाहतूक कंपन्या आणि त्यांचे समभाग घेणारे गुंतवणूकदार, अशी ही कल्पना आहे. एका आवृत्तीत हाच खेळ 'स्टार लेन्स' या नावानेही प्रसिद्ध झाला.

नकाशा आणि चार चाली

मूळ खेळात दोन ते चार जण भाग घेऊ शकतात. प्रत्येकाला सुरुवातीला ६,००० डॉलर मिळतात. पडद्यावर ९ ओळी आणि १२ स्तंभ, म्हणजे १०८ घरांचा आकाशगंगेचा नकाशा असतो. टिंब म्हणजे रिकामी पोकळी, चांदणी म्हणजे तारा, अधिकचे चिन्ह म्हणजे एकाकी चौकी आणि इंग्रजी अक्षर म्हणजे त्या अक्षराने सुरू होणाऱ्या कंपनीचा मार्ग. आपली पाळी आली की संगणक पाच घरे सुचवतो. त्यांपैकी एक निवडायचे. घर कशाच्या शेजारी आहे, म्हणजे त्याच्या वर, खाली, डावीकडे वा उजवीकडे काय आहे, यावर त्या चालीचा परिणाम ठरतो.

पहिली शक्यता अशी की आसपास काहीच नाही. मग तिथे नुसती चौकी उभी राहते. दुसरी, घर एखाद्या कंपनीच्या मार्गाला लागून आहे. मग ते त्या कंपनीत सामील होते आणि जोडीला शेजारचे तारे व चौक्याही तिच्या पदरात पडतात. तिसरी, घर ताऱ्याला किंवा चौकीला लागून आहे, पण जवळ कोणतीही कंपनी नाही. अशा वेळी नवी कंपनी जन्माला येते आणि संस्थापक म्हणून खेळाडूला तिचे पाच समभाग फुकट मिळतात. चौथी शक्यता, घर दोन कंपन्यांच्या मधोमध आहे. त्या दोन्ही एकमेकींना भिडतात आणि त्यांचे विलीनीकरण होते.

चाल झाली की खेळाडूच्या सर्व समभागांच्या बाजारमूल्याच्या ५ टक्के लाभांश त्याच्या रोकडीत जमा होतो. त्यानंतर त्याला हव्या त्या कंपनीचे समभाग घेता येतात. एकूण ४८ चालींनंतर खेळ संपतो. रोकड आणि समभागांचे मूल्य मिळून ज्याची बेरीज सर्वाधिक, तो विजयी. चौघे खेळत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अवघ्या १२ चाली येतात. म्हणूनच पहिल्या तीन-चार चालींना मोठे महत्त्व आहे.

भाव वाढतो कसा?

कंपनीला चौकी जोडली गेली तर समभागाचा भाव १०० डॉलरने वाढतो. तारा लाभला तर ५०० डॉलरने. ही वाढ टक्क्यांत नसून ठरावीक रकमेत आहे, हे पक्के लक्षात ठेवावे. खेळातील निम्मे डावपेच या एका नियमातून निघतात.

६०० डॉलर भावाच्या समभागात ५०० डॉलरची भर पडली तर गुंतवणूक ८३ टक्क्यांनी वाढली. तीच भर २,५०० डॉलर भावाच्या समभागात पडली तर वाढ फक्त २० टक्के. म्हणजे आज मोठी दिसणारी कंपनी घेण्यापेक्षा जिच्याभोवती अजून न जोडलेले तारे आहेत अशी लहान कंपनी घेणे अधिक फायद्याचे. नवखे खेळाडू सर्वांत महाग समभागामागे धावतात. मुरलेला खेळाडू आधी नकाशा पाहतो, भावाचा तक्ता नंतर.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही नवी कंपनी काढली आणि तिचा भाव ६०० ठरला. पाच समभाग फुकट मिळाले, ६,००० डॉलरमध्ये आणखी दहा आले. एकूण पंधरा समभागांचे मूल्य ९,००० झाले. पुढच्या पाळीत तिला एक तारा जोडला आणि केवळ त्याचे ५०० धरले, तर भाव १,१०० होईल. मूल्य १६,५०० आणि त्यावरचा लाभांश ८२५ डॉलर. हा लाभांश हातात ठेवण्यात अर्थ नाही; रोकडीला व्याज मिळत नाही. तो लगेच पुन्हा गुंतवला तर पुढच्या पाळीत त्यावरही लाभांश मिळतो. चक्रवाढीचा हा हिशेब शाळेच्या पुस्तकापेक्षा इथे चटकन उमगतो.

चाल आधी आणि खरेदी नंतर, हा क्रमही विसरू नये. आपणच भाव वाढवून मग खरेदी केली तर वाढीव भाव मोजावा लागतो. त्यामुळे पुढच्या पाळीत जी कंपनी वाढवायचा बेत आहे, तिचे समभाग याच पाळीत घेऊन ठेवावेत. संगणक पुढच्या वेळी हवे ते घर सुचवेलच असे नाही. पण ज्या कंपनीभोवती तीन-चार तारे मोकळे आहेत, तिला एखादा तरी तारा मिळण्याची शक्यता अर्थातच अधिक असते.

कंपनी कुणाची?

संस्थापकाला पाच समभाग मिळतात, एवढाच त्याचा मान. पुढे कोणीही त्या कंपनीचे समभाग घेऊ शकतो आणि कोणीही तिचा विस्तार करू शकतो. त्यामुळे प्रत्येक चालीपूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : या चालीने मला किती मिळेल आणि समोरच्याला किती? एखाद्या कंपनीचे तुमच्याकडे १० आणि प्रतिस्पर्ध्याकडे ३० समभाग असतील, तर तिला तारा जोडून तुम्ही ५,००० डॉलर कमावता आणि त्याला १५,००० मिळवून देता. हिशेबाच्या वहीत फायदा दिसतो, पण शर्यतीत तुम्ही १०,००० डॉलरनी मागे पडलेले असता. अशा वेळी कुठेतरी दूर एक निरुपद्रवी चौकी उभारणे शहाणपणाचे ठरते.

याच्या उलट डावही आहे. प्रतिस्पर्धी जी कंपनी जोमाने वाढवत आहे, तिचेच समभाग आपणही मुबलक घ्यावेत. मग मेहनत त्याची आणि लाभ दोघांचा. आपली चाल मात्र आपल्या कंपनीसाठी मोकळी राहते.

विभाजनाची गंमत

एखाद्या समभागाचा भाव ३,००० डॉलरच्या वर गेला की त्याचे आपोआप विभाजन होते. भाव निम्मा, समभाग दुप्पट. वरच्या उदाहरणातील कंपनीचा भाव वाढत ३,१०० झाला, तर पंधराचे तीस समभाग होतील आणि भाव १,५५० वर येईल. मूल्य आधीही ४६,५०० आणि नंतरही ४६,५००. प्रत्यक्ष बाजारातही नेमके हेच घडते. विभाजनाने कोणी श्रीमंत होत नाही.

खेळात मात्र पुढचा तारा लाभला की फरक कळतो. विभाजनापूर्वी पंधरा समभागांवर ५०० प्रमाणे ७,५०० मिळाले असते. आता तीस समभागांवर १५,००० मिळतात. भाववाढ ठरावीक रकमेत असल्यामुळे इथे विभाजन हे खरेखुरे वरदान ठरते. म्हणून भाव २,८०० - २,९०० च्या घरात पोहोचलेल्या कंपनीचे आपल्याकडे बरेच समभाग असतील, तर तिला उंबरठा ओलांडून देणारी चाल सहसा सोडू नये.

विलीनीकरण : निम्म्या भावाची रेषा

खेळातील सर्वांत निर्णायक प्रसंग विलीनीकरणाचा. मोठी कंपनी टिकते, लहान तिच्यात विरून जाते. लहान कंपनीच्या दोन समभागांमागे मोठ्या कंपनीचा एक समभाग मिळतो. शिवाय विरलेल्या कंपनीत ज्याचा जेवढा हिस्सा, त्या प्रमाणात रोख बक्षीसही मिळते.

हे दोनास एक प्रमाण ठरलेले आहे; भाव काहीही असोत. समजा मोठ्या कंपनीचा भाव २,४०० आहे आणि लहान कंपनीचे तुमच्याकडे २० समभाग आहेत. लहान कंपनीचा भाव ८०० असेल तर १६,००० डॉलरच्या मालमत्तेचे २४,००० होतात. पण तिचा भाव २,००० असेल तर ४०,००० चे २४,००० होतात. रोख बक्षीस आणि वाढीव कंपनीची भाववाढ यांनी हा खड्डा काही अंशी भरतो. पण पूर्ण भरेलच असे नाही. यावरून सोपा ठोकताळा निघतो : लहान कंपनीचा भाव मोठीच्या निम्म्याहून कमी असेल तर विलीनीकरण तिच्या भागधारकांच्या पथ्यावर पडते, निम्म्याहून बराच अधिक असेल तर त्यांना फटका बसतो. जवळजवळ तुल्यबळ झालेल्या दोन कंपन्यांमध्ये एकाच घराचे अंतर उरले असेल, तर धाकटीत सारे भांडवल गुंतवून बसणे धोक्याचे. समभाग विकता येत नसल्याने ऐनवेळी बाहेर पडायला दार नसते.

प्रत्यक्षात असे सरधोपट प्रमाण नसते. दोन्ही कंपन्यांचे मूल्यांकन करून ते ठरवले जाते. १ जुलै २०२३ पासून एचडीएफसी ही गृहवित्त कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली, तेव्हा कंपनीच्या २५ समभागांमागे बँकेचे ४२ समभाग देण्यात आले होते.

नवी आवृत्ती, नव्या जोखमी

ऑस्ट्रेलियातील जॉन झाइत्सेफ यांनी पुढे या खेळाची सुधारित आवृत्ती तयार केली. लिनक्ससारख्या प्रणालींवर ती विनामूल्य खेळता येते. तिच्यात आठ कंपन्या आहेत, आठ जणांपर्यंत खेळता येते आणि प्रत्येक पाळीत वीस घरांचा पर्याय मिळतो. समभाग विकण्याची सोय आहे, बँकेकडून व्याजाने कर्जही काढता येते. आणि एखादी कंपनी दिवाळखोरीतही निघू शकते. या शेवटच्या दोन गोष्टींमुळे खेळाचा नूर बदलतो. कर्ज काढून एकाच कंपनीत सारे गुंतवणारा कधी झपाट्याने पुढे जातो, तर कधी समभागांची माती होऊन त्याच्या डोक्यावर फक्त कर्ज उरते. नवशिक्यांनी आधी कर्जाविना दोन-चार डाव खेळावेत आणि पैसे किमान तीन कंपन्यांत विभागून ठेवावेत.

खेळ आणि बाजार

मूळ 'स्टार ट्रेडर्स'मध्ये भाव विस्ताराबरोबर वर जातो. तो खाली आणणारी मंदी तिथे नाहीच. धीर धरणारा आणि लाभांश पुन्हा गुंतवणारा खेळाडू कधी ना कधी वर येतोच. प्रत्यक्ष बाजार अशी हमी देत नाही. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या वायदे व पर्याय व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के जणांना तोटा झाला. खर्च धरून हा तोटा सरासरी माणशी सुमारे दोन लाख रुपये होता आणि एकत्रित रक्कम १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होती. या व्यवहारांत तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण २०२२-२३ मधील ३१ टक्क्यांवरून पुढच्याच वर्षी ४३ टक्क्यांवर गेले होते.

सराव म्हणून प्रत्यक्ष कंपन्यांच्या भावांवर बेतलेल्या आभासी ट्रेडिंगच्या स्पर्धांचा मोह अनेकांना पडतो. परवाना नसलेल्या अशा मंचांवर आभासी व्यवहार करू नयेत, असा इशारा 'सेबी'ने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला होता. तिथे फसवणूक झाली तर गुंतवणूकदार संरक्षणाच्या यंत्रणेकडे दाद मागता येत नाही. काल्पनिक ताऱ्यांवरच्या काल्पनिक कंपन्यांचा खेळ या वर्गात मोडत नाही. त्यात खऱ्या बाजाराचा भाव नाही आणि खरा पैसाही नाही.

'व्यापार'चा पट मांडून सुट्टीच्या दुपारी नोटा मोजणाऱ्या मराठी घरांना हा खेळ परका वाटू नये. मुलांबरोबर खेळताना प्रत्येक चालीनंतर भाव, समभाग आणि लाभांश वहीत उतरवायला सांगावे. ४८ चाली संपल्यावर ती वही चाळून एकच गोष्ट शोधावी : जिंकणाऱ्याने सर्वाधिक समभाग कोणत्या चालीला घेतले होते, आणि तेव्हा त्यांचा भाव काय होता?