साच्यांची अदलाबदल

कारखाना एका जिनसेवरून दुसऱ्या जिनसेकडे किती सहजतेने वळू शकतो, या प्रश्नाचा गेल्या शतकातील मागोवा घेताना हेन्री फोर्ड यांच्यापासून आरंभ करणे प्राप्तच आहे. कारण १९१३ साली हायलंड पार्क येथे सरकती जुळणी सुरू होऊन जे अपूर्व यश त्यांच्या पदरी पडले, त्यातच पुढील संकटाचे मूळ होते. ‘मॉडेल टी’ या एकाच मोटारीसाठी घडविलेली यंत्रे आपापल्या कामात इतकी निष्णात होती की, दुसरे काम सांगताच त्यांतील बरीचशी कुचकामी ठरली. त्यामुळे १९२७ च्या मे महिन्यात हे मॉडेल थांबविल्यावर ‘मॉडेल ए’ लोकांसमोर यावयास डिसेंबर उजाडला, आणि दरम्यान हजारो कामगारांना घरी बसावे लागले. उलट शेव्हरोलेत विल्यम नडसेन यांनी (हे गृहस्थ पूर्वी फोर्ड यांच्याच चाकरीत होते!) सर्वसाधारण उपयोगाची यंत्रे ठेवण्याचा शिरस्ता पाडला होता, म्हणून १९२९ च्या मोटारीसाठी चार सिलिंडरांचे इंजिन सोडून सहांचे घेणे काही आठवड्यांत उरकले.

तथापि दोष केवळ यंत्रांचाच नव्हे, हे १९५० साली हिरोशिमात जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांच्या ध्यानी आले. तोयो कोग्यो कारखान्यात ८०० टनी प्रेसचा साचा बदलताना एक बोल्ट सापडेना. कामगार तासाहून अधिक काळ शोधत फिरला, आणि अखेर दुसऱ्या प्रेसचा लांब बोल्ट आणून, तो कापून, त्यावर नवे आटे पाडून त्याने वेळ निभावली. त्या दुसऱ्या प्रेसची पाळी आल्यावर काय करणार, याची तजवीज अर्थातच कोणी केलेली नव्हती. यंत्र थांबल्यावाचून होणारच नाही ते काम आणि यंत्र चालू असता आधीच उरकता येईल ते काम, असा भेद शिंगोंनी तेव्हापासून धरला. १९६९ साली टोयोटात १,००० टनी प्रेसचा साचा बदलण्यास चार तास लागत. ते प्रथम दीड तासावर आणि पुढे, व्यवस्थापनाने अधिकच हट्ट धरल्यावर, तीन मिनिटांवर आले. बदलाचा खर्च अटळ समजून मोठ्या घाण्याचे समर्थन करणारे हिशेब तेथून पुढे नव्याने मांडावे लागले.