‘औषध’ कोणते मारले, तेही डॉक्टरांना सांगा



या पानावर आम्ही नेहमी लागण, खत, पाणी व कीड यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय निराळा वाटेल, पण तो आपल्या रानातूनच निघाला आहे. उसाला मारलेले औषध आईच्या पोटातल्या बाळापर्यंत कसे पोचते, आणि ते ओळखण्यासाठी डॉक्टर, परिचारिका व आशाताई यांना कोणते शिक्षण मिळायला हवे, याचा विचार येथे करू.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट सांगतो. थोरल्या मुलीच्या वेळी आमच्या सौभाग्यवतींना सहावा महिना लागला होता. त्या साली हुमणीचा जोर होता आणि आम्ही रोज प्लॉटवर फोरेट कसे टाकायचे ते दाखवीत हिंडत होतो. संध्याकाळी ते कपडे घरीच, हाताने धुतले जात. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारले, “काही औषध वगैरे चालू आहे का?” आम्ही “नाही” म्हणून मोकळे झालो. दिवसभर ज्याला औषध, औषध म्हणतो ते त्या घडीला आठवलेच नाही आणि डॉक्टरांनीही घरधनी काय काम करतो ते विचारले नाही. मुलगी सुदैवाने धडधाकट आहे. डॉक्टरांना दोष देत नाही, कारण त्यांना हे कोणी शिकवलेच नव्हते. आम्ही मात्र शेतीचे शिक्षण घेतलेले, तरीही गप्प राहिलो.

दिसणारी आणि न दिसणारी विषबाधा

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशी विषबाधा डोळ्यांना दिसते. घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेली बुबुळे पाहून डॉक्टर ती ओळखतात आणि ॲट्रोपिन देतात. दुसरी तऱ्हा मात्र मुकी असते. थोडे थोडे विष आईच्या अंगात जाते, तिला काहीच होत नाही, पण वाढत्या बाळाच्या मेंदूवर परिणाम राहतो.

फोरेट, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सारी एका कुळीची, म्हणजे सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधे. मज्जातंतू एकमेकांना निरोप देताना एक द्रव्य सोडतात. निरोप पोचला की अंगातले एक एन्झाइम ते द्रव्य मोडून टाकते. ही औषधे नेमके ते एन्झाइमच निकामी करतात. सरी भरल्यावर दारे मोडणारा गडीच नाहीसा झाला तर जे होईल तेच नसांचे होते. किडीत आणि माणसात ही व्यवस्था सारखीच आहे.

बाळाला धोका अधिक का? एक तर त्याचा मेंदू अजून बांधला जात असतो. दुसरे, हे विष मोडण्याची ताकद नवजात बाळाच्या अंगात मोठ्यांपेक्षा पुष्कळ कमी असते. तिसरे, वजनाच्या मानाने मूल जास्त खाते, जास्त पिते, जास्त श्वास घेते. रांगते आणि हात तोंडात घालते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील सॅलिनास खोरे भाजीपाला व स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे १९९९-२००० मध्ये बर्कली येथील विद्यापीठाने सुमारे ६०० गरोदर स्त्रियांची नोंद केली. त्यांत बहुतेक शेतमजूर कुटुंबांतल्या होत्या. त्यांच्या लघवीत या कुळीच्या औषधांचे अंश मोजले आणि पुढे मुले वाढताना तपासली. २०११ साली निष्कर्ष आला. ज्या मातांच्या लघवीत अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी, सर्वांत कमी अंश असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. ही सरासरी आहे. प्रत्येक मुलाचे असे होतेच असे नाही. पण एका गावच्या शाळेचा विचार केला तर हे नुकसान लहान नव्हे.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण येथे पुरेसा नाही, हेही ध्यानात घ्यावे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग तात्काळ विषारीपणा सांगतात. पोटातल्या बाळाच्या मेंदूचे काय होईल, ते त्यावरून कळत नाही.

आरोग्यसेवकांना काय शिकवायचे?

अमेरिकेत १९९८ पासून या कामासाठी विभागवार केंद्रे असून ती डॉक्टरांना सल्ला व शिक्षण देतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही बालआरोग्य व पर्यावरण या विषयावर प्रशिक्षणाचे धडे तयार केले आहेत. या शिक्षणाचे सार अवघड नाही. आपल्या भागापुरते ते असे मांडता येईल:

१) गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत विचारावे: घरात फवारणी, बेणेप्रक्रिया, दाणेदार औषध टाकणे ही कामे कोण करतो? औषधाचे नाव काय? डबे व पंप कोठे ठेवता? कपडे कोण धुते? रिकाम्या डब्यात पाणी भरता का?

२) मूल उशिरा बसले, चालले वा बोलले तर लगेच फवारणीवर बोट ठेवू नये. कमी ऐकू येणे, रक्तक्षय, थायरॉइड ही कारणे आधी तपासावीत, पण घरातल्या विषाचा प्रश्न वगळू नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व शाळेत मुले तपासतात. त्यांनीही हा प्रश्न विचारावा.

३) आईला घाबरवू नये. झालेला परिणाम पुसून टाकणारी गोळी नाही, पण पुढचा संपर्क टाळता येतो. अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये.

संपर्क टाळला की फरक पडतो. न्यूयॉर्कमध्ये घरातल्या झुरळांसाठी क्लोरपायरीफॉस वापरीत. २००१ च्या सुमारास तो वापर बंद झाला आणि पुढे जन्मलेल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात त्याचे प्रमाण खूपच घटले.

आपण काय करायचे?

डॉक्टर शिकले तरी आपण बोललो नाही तर उपयोग नाही. तपासणीला जाताना डब्यावरच्या लेबलाचा फोटो बरोबर न्यावा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईला औषध कालवणे, बेणे बुडवणे, फवारलेल्या रानात खुरपणे ही कामे सांगू नयेत. फवारणीचे कपडे गड्याने स्वतः, वेगळे धुवावेत. त्यात कमीपणा नाही.

तोडकऱ्यांच्या बायका-मुलांना तर आपल्या रानात काय मारले आहे याचा पत्ताच नसतो. त्यांची कोपी फवारलेल्या रानाला लागून नसावी, आणि औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी त्यांच्या हाती पडू नये. त्या हंगाम संपताच गाव सोडतात, म्हणून ही नोंद माता-बाल कार्डावरच झाली पाहिजे.

फोरेटची विक्री व वापर केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. मे २०२५ मध्ये क्लोरपायरीफॉसही काही सवलती ठेवून स्टॉकहोम कराराच्या यादीत आले. तेव्हा कोठे जुना डबा शिल्लक असेल तर तो वापरू नये. हुमणीसाठी वळवाच्या पावसानंतर कडुलिंब-बाभळीवरचे भुंगेरे गोळा करणे, प्रकाश सापळे आणि मेटारायझियम बुरशी यांवर भर द्यावा.

आमची एक सूचना आहे. गाळप सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गटात आशाताई, अंगणवाडी सेविका व परिचारिका यांचे एक दिवसाचे शिबिर घ्यावे. त्या गटात कोणती औषधे खपतात याची यादी शेतकी खात्याने द्यावी आणि शिकवण्याचे काम डॉक्टरांनी करावे. सभासदांनी गटाच्या बैठकीत ही सूचना उचलून धरावी, ही नम्र विनंती. उसाचा उतारा एका साली घटला तर पुढच्या साली भरून काढता येतो. मुलाच्या बाबतीत ती सोय नाही.

— ऊस विकास अधिकारी