डिस्कच्या पोटात – लेखांक ९ : आधी मोडा, मग जोडा

फाइल सिस्टीम दुरुस्त करणारं साधन भरवशाचं आहे की नाही, हे कळायचं तर आधी एक फाइल सिस्टीम बिघडवावी लागते. तीही कशीही नाही. कोणत्या रकान्यातला कोणता आकडा किती चुकवायचा, हे ठरवून. साधनं लिहिणाऱ्यांचा बराच वेळ या मोडतोडीतच जातो.

मागच्या लेखात जर्नल पाहिलं. मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेलं लिखाण ते सावरून घेतं. पण रॅममधला एखादा बिट उलटला, डिस्कच्या कंट्रोलरने भलत्याच जागी लिहिलं किंवा फाइल सिस्टीमच्या कोडमध्येच खोट निघाली, तर जर्नल कामी येत नाही; चुकीची नोंद हाती आली तर तीही ते इमानेइतबारे डिस्कवर नेऊन ठेवतं. अशा वेळी एफएससीके या तपासणी-साधनाला बोलवावं लागतं. बिघाड असतो तो मेटाडेटात. मेटाडेटा म्हणजे डिस्कचा सातबारा. जमीन हलत नाही, पण उतारा फाटला की ती कोणाची आणि कुठवर, हे सांगता येत नाही.

१९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये हे काम आयचेक, डीचेक अशा सुट्या आज्ञांनी व्हायचं. कोणती नोंद ठेवायची आणि कोणती पुसायची, याचा निवाडा ऑपरेटरच्या डोक्यात. पुसायला क्लिआरआय नावाची आज्ञा होती. ती एखाद्या फाइलचा आयनोड, म्हणजे तिचे ब्लॉक कुठे आहेत ते सांगणारी नोंद, सरळ शून्य करून टाकायची. बेल लॅब्जमधल्या टेड कोवाल्स्की यांनी ही सगळी तपासणी एफएससीके या एकाच प्रोग्रॅममध्ये आणली. क्लिआरआय मात्र संपली नाही. लिनक्सच्या डीबगएफएस या साधनात ती अजून आहे आणि आता तिचा उपयोग बहुतेक वेळा बिघाड घडवायलाच होतो.

हा प्रयोग कोणालाही घरच्या लिनक्सवर करता येईल. खरी डिस्क लागत नाही की रूटचे अधिकार लागत नाहीत. आठ मेगाबाइटची एक रिकामी फाइल घ्यायची, तिच्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टीम घालायची आणि डीबगएफएस वापरून आत ‘हिशेब’ नावाची एक फाइल टाकायची. आयनोड क्रमांक २ रूट डिरेक्टरीचा, ११ लॉस्ट-अँड-फाउंडचा. म्हणून ‘हिशेब’ला १२ मिळतो. आता या इमेजच्या दोन प्रती काढायच्या.

पहिल्या प्रतीत डीबगएफएसची अनलिंक आज्ञा चालवायची. ती डिरेक्टरीतलं नाव काढते, पण आयनोडमधला दुव्यांचा आकडा तसाच सोडते. मग ईटूएफएससीके, म्हणजे ईएक्सटी४चं एफएससीके, चालवायचं, तेही सक्तीच्या तपासणीचा पर्याय देऊन. तो दिला नाही तर सुपरब्लॉकवरची ‘सगळं ठीक’ ही खूण पाहून साधन आत डोकावतच नाही. त्याचे पाच टप्पे आहेत: आयनोड व ब्लॉक, डिरेक्टऱ्यांची रचना, त्यांची जोडणी, दुव्यांची संख्या आणि शेवटी गटांचे हिशेब. चौथ्या टप्प्यात ते सांगतं की आयनोड १२ कशालाच जोडलेला नाही, लॉस्ट-अँड-फाउंडला जोडू का? होकार दिला की तिथे ‘#१२’ नावाची फाइल उभी राहते. नाव गेलं, मजकूर अक्षरन् अक्षर वाचला.

दुसऱ्या प्रतीत क्लिआरआय. इथे नाव शाबूत आहे, आयनोड पुसलेला. दुसऱ्या टप्प्यात साधन म्हणतं, रूटमधली ‘हिशेब’ ही नोंद न वापरलेल्या आयनोडकडे बोट दाखवते, काढून टाकू? पाचव्या टप्प्यात बिटमॅपची दुरुस्ती होते आणि फाइलचे ब्लॉक ‘मोकळे’ ठरतात. मजकूर अजून डिस्कवर पडून आहे, पण त्याच्यापर्यंत जाणारी वाट दुरुस्तीनेच बुजवली.

दोन्ही वेळा साधनाचा निकाल मात्र सारखाच. पहिल्या फेरीत निर्गम-संकेत १, म्हणजे चुका होत्या, सुधारल्या. दुसऱ्या फेरीत ०, म्हणजे निर्मळ. एकीत फाइल परत मिळाली, दुसरीत गेली, आणि शेरा एकच. दुसऱ्या प्रतीत साधनाने गैर काही केलं असंही नाही. पुसलेल्या आयनोडमधले ब्लॉक-क्रमांक ते आणणार कुठून? पण ‘निर्मळ’ या शेऱ्यावर चाचणी उत्तीर्ण ठरवायची असेल, तर सगळ्या फाइली पुसून टाकणारं साधन पैकीच्या पैकी गुण घेऊन जाईल.

ईटूएफएससीकेच्या सोर्सकोडबरोबर अशा चाचण्यांचा मोठा संग्रह येतो, शेकडोंच्या घरातला. प्रत्येक चाचणीची वेगळी डिरेक्टरी, तिच्यात एक बिघडवलेली, दाबून लहान केलेली इमेज आणि अपेक्षित उत्तराच्या दोन फाइली. एका इमेजमध्ये एकाच ब्लॉकवर दोन फाइलींचा दावा, दुसरीत रूट डिरेक्टरीच बेपत्ता, आणखी एकीत लॉस्ट-अँड-फाउंडच मोडलेलं. साधन दोनदा चालतं आणि त्याचं बोलणं अपेक्षित उत्तराशी ओळीने ओळ ताडलं जातं. दुसरी फेरी महत्त्वाची, कारण पहिल्या दुरुस्तीने नवी चूक पेरली असेल तर ती तिथे उघडी पडते. यातल्या कित्येक इमेज एखाद्या खऱ्या बगचा पाठलाग करताना जन्मल्या आहेत, त्यामुळे हा संग्रह म्हणजे जुन्या दुखण्यांची नोंदवहीही झाला आहे. जे दुखणं अजून कोणाला झालेलं नाही, ते अर्थातच त्यात नाही.

म्हणून यादृच्छिक मोडतोडही करतात. इथे चेकसमने एक नवाच पेच आणला. २०१२मध्ये लिनक्स ३.५पासून ईएक्सटी४च्या मेटाडेटाला चेकसमची सोय झाली. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमनेही पुढे तीच वाट धरली. आता कुठेही एक बिट उलटवला की चेकसम जुळत नाही आणि साधन दारातच ओरडतं. उत्तमच, पण आतली तपासणी मग कधी कसाला लागतच नाही. एक्सएफएसच्या एक्सएफएस-डीबी या साधनात यावर तोड आहे. तिथली फझ आज्ञा ठरावीक रकान्यात शून्यं भरते, पहिला, मधला किंवा शेवटचा बिट उलटवते, आकडा वाढवते, घटवते किंवा काहीही भरते. आणि सांगितलं तर चुकीच्या आकड्यावर बरोबर चेकसमही चढवून देते. खोट्या दस्तावर खरा शिक्का! दुरुस्तीनंतर ती फाइल सिस्टीम माउंट करून तिच्यावर लिहून पाहणाऱ्या चाचण्याही आहेत. साधनाच्या स्वतःच्या शेऱ्यापेक्षा ही कसोटी कितीतरी प्रामाणिक.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८मध्ये याहून खोल हात घातला. त्यांनी डिस्कवरचे पॉइंटर मुद्दाम भलतीकडे वळवले आणि ईटूएफएससीके काय करतं ते पाहिलं. अप्रत्यक्ष ब्लॉकचा (फाइलच्या इतर ब्लॉकांचे पॉइंटर ठेवणाऱ्या ब्लॉकचा) पॉइंटर महत्त्वाच्या मेटाडेटाकडे वळवला, तर साधन त्या ब्लॉकमधल्या आकड्यांनाच पॉइंटर समजायचं आणि न पटणारे आकडे शून्य करायचं. तो ब्लॉक मुळात अप्रत्यक्ष ब्लॉक आहे का, ही शहानिशा नंतर. क्रम उलटा झाला आणि दुरुस्तीनेच घात केला. एकेक चूक वेगवेगळी सुधारणाऱ्या हजारो ओळींच्या सी-कोडमध्ये असा क्रम नजरेतून निसटतो, म्हणून त्यांनी हीच तपासणी एसक्यूएलच्या प्रश्नांत मांडून दाखवली.

२०१८मध्ये आणखी एक प्रश्न पुढे आला: दुरुस्ती चालू असतानाच वीज गेली तर? तो विचारणाऱ्या दुसऱ्या संशोधकांनी ईटूएफएससीकेच्याच संग्रहातल्या इमेज घेतल्या, दुरुस्ती मध्येच तोडली आणि साधन पुन्हा पहिल्यापासून चालवलं. काही इमेज दुसऱ्या, पूर्ण फेरीनंतरही ताळ्यावर आल्या नाहीत. यासाठी ईटूएफएससीकेत ‘अनडू’ची सोय आहे, बदलण्यापूर्वीचे ब्लॉक ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं. पण ती फाइल डिस्कवर पोचली याची खात्री करूनच मूळ ब्लॉक बदलायचा, हा क्रम पाळला जात नव्हता. वीज अवेळी गेली की परतीचा रस्ताही अर्धवट. एक्सएफएसच्या दुरुस्ती-साधनातही असे प्रसंग सापडले.

बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमच्या लेखकांनी पवित्राच वेगळा घेतला आहे. त्यांच्या तपासणी-साधनाला दुरुस्तीचा पर्याय दिला की ते आधी बजावतं, जाणकाराने सांगितलं नसेल तर हे वापरू नका. आणि दहा सेकंद थांबतं, तेवढ्यात रद्द करायची मुभा देऊन. त्या दहा सेकंदांत करण्याजोगं शहाणपणाचं काम एकच: बाहेर पडून आधी डिस्कची पूर्ण प्रत काढणं. ती प्रत, विशेषतः डिस्कच मरायला टेकलेली असताना, कशी काढतात ते पुढच्या आठवड्यात.