न्यूट्रॉनांची नळी आणि तिची भिंत

हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. तिच्या आराखड्यांत काटकोनांतल्या दोन निर्वात भुजा आहेत, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या. आंतून जाणाऱ्या लेसर-किरणाचें सोंवळें इतकें कडक कीं, त्यानें भिंतीला शिवतां कामा नये!

याच्या अगदीं उलट रीत मुंबईस तुर्भ्याला आढळते. १९८५ सालीं सुरू झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीला जोडलेल्या नळ्यांतून न्यूट्रॉन प्रयोगाच्या यंत्रांपर्यंत जातात, ते भिंतीला शिवत शिवतच. न्यूट्रॉनाला विद्युत्भार नाहीं. त्याला विजेनें ओढून नेतां येत नाहीं. पण मंदगति न्यूट्रॉन लहरीसारखा वागतो, आणि गुळगुळीत निकेलवर अत्यंत तिरकस आला तर परत उसळतो. तळ्यावर चपटी खापरी टप्पे घेत जाते, तसेंच हें. मात्र एक आंगस्ट्रॉम लहरलांबीला हा कोन सुमारें एकदशांश अंशापलीकडे जातां उपयोगी नाहीं. निकेल व टिटॅनियम यांचे शेंकडों पातळ थर आळीपाळीनें चढविले म्हणजे ही मर्यादा कांहीं पटींनीं वाढते.

खरी अडचण पुढेंच आहे. हे थर चढवावयाचे कशावर? भिंतीचा खडबडीतपणा अवघ्या कांहीं अणूंच्या उंचीइतकाच चालतो, म्हणून प्रथम कांच पसंत पडली. तीहि बोरॉनयुक्त, कारण निसटलेला न्यूट्रॉन बोरॉन गिळून टाकतो. परंतु तो गिळतांना बोरॉनचा अणु फुटून हेलियम व लिथियम यांचे तुकडे उडतात आणि कांच आंतून ठिसूळ होत जाते. नळी निर्वात, बाहेरून हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोग्रॅम भारानें दाबीत असते. अशी ठिसूळ कांच अणुभट्टीच्या तोंडाशींच फुटली, तर तेथें हात घालून ती बदलणार कोण?

म्हणून त्या जागीं धातु आला. अ‍ॅल्युमिनियम ठिसूळ होऊन असा फुटत नाहीं, पण त्याला कांचेची तकाकी येत नाहीं; सबब त्यावर निकेल-फॉस्फरसचा लेप देऊन तो घांसतात, व मग त्यावर आरशाचे थर बसवितात. यांतहि एक खोड आहेच: तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम या लेपाच्या दीडपटीहून अधिक प्रसरण पावतें, आणि दोघांची ओढाताण सुरू होते. तांबें जड असल्यामुळें गॅमा किरणांनाहि बरेंच अडवितें, म्हणून कांहीं ठिकाणीं तें घेतात. अणुभट्टीपासून दूर, जेथें मारा ओसरलेला असतो, तेथें मात्र आजहि कांचच बसवितात.